चमचे, तांब्याचा पाइप आणि पाच सूत: सॉनिक स्क्रू ड्रायव्हरच्या कामाच्या नोंदी

बीबीसीच्या 'डॉक्टर हू' मालिकेतल्या कालप्रवासी डॉक्टरच्या खिशात जे हत्यार असतं, त्या सॉनिक स्क्रू ड्रायव्हरची प्रतिकृती मी शेफील्डमध्ये घरामागच्या शेडमध्ये केली. तीन महिने लागले. शनिवार-रविवारच हातात होते, त्यातले निम्मे वाया गेले. या नोंदी त्या त्या दिवशी वहीत लिहिल्या होत्या, इथे फक्त सुवाच्य करून उतरवल्यात. कुणाला हेच काम करायचं असेल तर माझे वाया गेलेले शनिवार तरी त्याचे वाचतील.

मालिकेत हे हत्यार बऱ्याच रूपांत आलंय. २००५ नंतरचं निळ्या दिव्याचं, २०१० चं हिरव्या दिव्याचं आणि पाकळ्या उघडणारं, या दोहोंच्या प्रतिकृती लोक जास्त करतात. डॉक्टर अधूनमधून रूप बदलतो आणि दर वेळी नवा नट येतो; मी तेराव्या डॉक्टरचं, म्हणजे जोडी व्हिटेकरचं निवडलं. २०१० चं नवं हत्यार टार्डिसच्या, म्हणजे डॉक्टरच्या कालयानाच्या, यंत्रातून तयार होऊन बाहेर आलं, २०१५ मध्येही टार्डिसनेच नवं दिलं. हे मात्र आपल्या डोळ्यांसमोर घडतं. टार्डिस हरवलेली, खिसे रिकामे, आणि ती शेफील्डच्या एका वर्कशॉपमधलं भंगार गोळा करून, चमच्यांचं स्टील वापरून स्वतःचं हत्यार स्वतः बनवते. तो भाग ७ ऑक्टोबर २०१८ ला लागला. मी दोन बॅगा घेऊन याच गावात उतरले होते त्याला तेव्हा जेमतेम तीन आठवडे झाले होते. ओळखीचं कुणी नव्हतं. पडद्यावर ती ठोकत होती, वितळवत होती, आणि मला पहिल्यांदा वाटलं, या गावात आपलंही काहीतरी होईल.

म्हणून नियम एकच ठेवला: प्लॅस्टिकचं छापील कवच नाही, तयार खेळणं फोडून घेणं नाही. बाहेरून दिसेल तो धातू चमच्यांचा, आणि चमचे शेफील्डचेच.

६ जानेवारी २०२४

त्या भागातली चित्रं थांबवून थांबवून पुठ्ठ्यावर आकार काढला. मूळ वस्तूची मापं माझ्याकडे नाहीत, हाताच्या पंज्याशी तुलना करून लांबी २० सेंमी धरली. आकार सरळ नाही, किंचित वळलेला. एका टोकाला पिवळसर नारिंगी स्फटिक आणि त्याला धरून ठेवणारी धातूची बोटं.

आतला गाभा म्हणून नळकामाचा २२ मिमीचा तांब्याचा पाइप घेतला. इथे घराघरांत तोच असतो, आतून साधारण २० मिमी मोकळा. बॅटरी आणि दिवा त्यात बसेल, बाहेरून चमच्यांचे दांडे पट्ट्यांसारखे जोडायचे, मधून तांबं थोडं डोकावलं तर छानच दिसेल.

पाइप वाकवताना पहिला तुकडा चेपला, आतल्या बाजूला घडी पडली. दुसरा आधी गॅसच्या टॉर्चने लाल करून पाण्यात बुडवला (तांबं त्याने मऊ पडतं, लोखंडाच्या उलट) आणि आत स्प्रिंग घालून गुडघ्यावर हळूहळू वाकवला. नीट आला. पाइप ६ पौंड, वाकवायची स्प्रिंग ७.

७ जानेवारी

जुन्या वस्तूंच्या धर्मादाय दुकानातून चौदा चमचे, साडेचार पौंडांना. सगळ्यांच्या मागे 'शेफील्ड' असा शिक्का. पिशवी घेऊन ट्रॅममध्ये बसले, सगळ्यात अवघड काम आजच झालं असं वाटत होतं.

१३ जानेवारी

एक आठवडा वाया. कसा, ते सविस्तर लिहिते, कारण शेफील्डचे जुने चमचे घेणारा दर दुसरा माणूस इथे फसेल.

चमच्याचा दांडा व्हाइसमध्ये धरून हॅक्सॉने कापला. लोण्यासारखा कापला गेला. मला आनंद झाला. कापलेल्या तोंडावर कानस फिरवली तर आतला रंग पिवळट. वाटलं पितळ आहे, पण पितळेइतका पिवळाही नव्हता.

इथले सकाळचे साडेदहा म्हणजे तिकडे दुपारचे चार. आबांना व्हिडिओ कॉल लावला. आबा कोल्हापूरच्या उद्यमनगरात चौतीस वर्षं लेथवर होते. मी कापलेलं तोंड कॅमेऱ्यासमोर धरलं.

"जरा उजेडाकडं धर की," आबा म्हणाले. मग लगेच, "हे स्टील न्हवं पोरी. जर्मन हाय हे."

"जर्मन? आबा, मागे शेफील्ड लिहिलंय."

"लिहू दे की. जर्मन सिल्व्हर हाय. तुझ्या आज्जीचं पानाचं तबक नव्हतं का, तसलं. आतनं पिवळं, वरनं चांदीचं पाणी."

चष्मा लावून शिक्का परत वाचला. 'शेफील्ड'च्या शेजारी बारीक अक्षरं होती: ई. पी. एन. एस. म्हणजे निकेल सिल्व्हरवर विजेने चढवलेला चांदीचा मुलामा. निकेल सिल्व्हरमध्ये चांदी नसते, तांबं, जस्त आणि निकेल असतं. आपल्याकडे त्यालाच जर्मन सिल्व्हर म्हणतात. शेफील्डमध्ये ही भांडीकुंडी ढिगाने झाली आणि आता ती ढिगाने याच दुकानांत येतात. चौदातले अकरा तसलेच निघाले.

फेकले नाहीत. ते पुढे फार उपयोगी पडले.

२० जानेवारी

आता स्टेनलेस ओळखायचं. चुंबक घेऊन गेले. वाचलेलं होतं की चांगल्या चमच्यांचं १८/८ स्टील (१८ टक्के क्रोमियम, ८ टक्के निकेल) चुंबकाला चिकटत नाही. म्हणून जिथे चुंबक जरासा ओढला तो चमचा मी बाजूला टाकत गेले. दोन दुकानांत मिळून तीनच हाती लागले.

घरी येऊन त्या तिघांना नीट तपासलं, तर चमच्याच्या खोलगट भागाला चुंबक हलका ओढत होता आणि दांड्याच्या मध्यावर अजिबात नाही. एकाच चमच्यात दोन वागणुकी. कारण साधं आहे: हे स्टील थंड असताना ठोकलं, दाबलं, वाकवलं की त्या जागी ते थोडं चुंबकीय होतं. म्हणजे दुकानात मी चांगले चमचे परत ठेवून आले होते. चुंबक लावायचा तो दांड्याच्या सपाट मध्यावर, आणि घट्ट चिकटला तरच चमचा नाकारायचा.

संध्याकाळी दुकान बंद व्हायच्या आत परत गेले. आठ आणखी घेतले, ३ पौंड. शिक्का: स्टेनलेस, शेफील्ड, इंग्लंड. दुकानातल्या आजीबाईंनी विचारलं, घरी जेवण आहे का मोठं? मी कारण सांगितलं. त्या पॉल मॅकगॅन आठवा डॉक्टर झाला तेव्हाचं, १९९६ चं सांगत बसल्या. दोन चमचे पैसे न घेता वर दिले.

येताना मुद्दाम वाट वाकडी करून रँडल स्ट्रीटवरून आले. तिथे पोर्टलंड वर्क्स आहे, लाल विटांची, चौकाभोवती बांधलेली वर्कशॉपची जुनी इमारत. हॅरी ब्रिअर्लीने १९१३ मध्ये याच गावात न गंजणारं स्टील ओतलं आणि पुढच्या वर्षी त्याच्या पहिल्या सुऱ्या या इमारतीत घडल्या. आजही आत छोटे कारागीर आहेत, इमारत २०१३ पासून लोकांनी मिळून विकत घेतलेली. दाराशी उभी राहिले तर आतून घासाईच्या चाकाचा आवाज येत होता. पिशवीत दहा चमचे. मला फार बरं वाटलं.

२७ आणि २८ जानेवारी

दांड्याला ३ मिमीची भोकं पाडायची होती, आठ. दोन दिवसांत झाली दोन. ड्रिलची चार पाती गेली.

मी काय केलं: साधं पातं, ड्रिलचा वेग जास्त, आणि पातं तुटू नये म्हणून अगदी हलका हात. पातं फिरतंय, किंचाळतंय, खाली काहीच जात नाही, मग धातूवर काचेसारखा चकचकीत ठिपका. त्या ठिपक्यावर नंतर कुठलंच पातं चालेना.

आबांना ठिपका दाखवला. त्यांनी विचारलं, "आवाज कसला येत हुता?" मी म्हटलं, चिरका. त्यांनी मान हलवली.

"तू कापत न्हवतीस, घासत हुतीस. स्टेनलेस घासलं की कडक होतंय. त्याला उसंत द्यायची न्हाई. वेग कमी कर आणि दाब दे. चुरा न्हाई, तार निघाली पायजे. तार थांबली की तू पण थांब, पातं बाहेर काढ, तेल घाल, मग परत."

दुसऱ्या दिवशी कोबाल्टची पाती आणली (दोन, ९ पौंड), कापायचं तेल घेतलं, ड्रिल सगळ्यात कमी वेगावर ठेवलं आणि अंगाचा भार टाकला. पात्याच्या दोन्ही बाजूंनी चांदीच्या केसासारख्या दोन तारा वेटोळी घेत वर आल्या. अर्ध्या मिनिटात आरपार. चकचकीत झालेल्या भोकांचे दांडे मात्र गेलेच, तिथे उलट बाजूनेही जमलं नाही.

खाली लाकडी ठोकळा धरा आणि दांडा क्लॅम्पने बांधा. हातात धरलेला दांडा पातं आरपार जाताना गरकन फिरतो. माझ्या अंगठ्यावर त्याची खूण आहे.

३ फेब्रुवारी

काही केलं नाही. अंगठा.

१० फेब्रुवारी

जोडकाम. दांडे वाकवून पाइपवर बसवले, बारीक तारेने बांधले. आबांचं म्हणणं टाकणखार लावून चांदीचा डाग दे, आम्ही सगळं तसंच झाळायचो. टाकणखाराची पेस्ट केली, टॉर्च लावला. तांब्यावर सोल्डर छान पसरलं. स्टेनलेसवर त्याचे गोळे झाले आणि अळवाच्या पानावरच्या पाण्यासारखे घरंगळून खाली पडले. पुन्हा साफ केलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा जास्त तापवलं, तर दांडा काळा पडला आणि नंतर तर काहीच चिकटेना.

स्टेनलेस गंजत नाही ते त्याच्या अंगावर क्रोमियमच्या ऑक्साइडचा पातळ थर असतो म्हणून. साध्या टाकणखाराला तो थर सुटत नाही, आणि जास्त तापवलं की थर आणखी जाड होतो. आबांनी आयुष्यभर झाळलं ते पितळ, तांबं आणि साधं लोखंड. हे त्यांना सांगितल्यावर थोडा वेळ गप्प होते, मग म्हणाले, "मग मला पण बघायचंय ते कसं जमतंय. पुढच्या शनवारी कॅमेरा चालू ठेव."

१७ फेब्रुवारी

स्टेनलेससाठीचा फ्लोराइडवाला फ्लक्स (टाकणखाराच्या जागी लावायची पेस्ट) आणला, १२ पौंड. ५५ टक्के चांदी असलेल्या, कॅडमियम नसलेल्या सोल्डरच्या तीन कांड्या १६ पौंड. एवढ्या कामाला महाग वाटलं, पण याच्याशिवाय इलाज नाही. जुन्या, लेबल नसलेल्या चांदीच्या सोल्डरच्या कांड्या स्वस्तात मिळाल्या तरी घेऊ नका, जुन्यांत कॅडमियम असतं आणि त्याचा धूर जिवावर बेततो. या फ्लक्सचा धूरही वाईटच. मी शेडची दोन्ही दारं उघडून, पंखा पाठीमागून लावून, बाहेर तीन अंश असताना काम केलं.

कॅमेरा खोक्यावर ठेवला होता. आबा, आई आणि शेजारचे एक काका असे तिघं तिकडून बघत होते.

आधी पॉलिश पेपरने घासून लगेच फ्लक्स, उशीर नाही. आच थेट सोल्डरवर नाही, आधी जाड तांब्यावर, मग दांड्यावर. फ्लक्स आधी फसफसतो, पांढरा होतो, मग पाण्यासारखा स्वच्छ होऊन चकाकतो. तो चकाकला की सोल्डर सुमारे साडेसहाशे अंशांना वितळतं. कांडी सांध्याला टेकवली आणि सोल्डर सांध्याच्या रेषेतून असं सर्रकन धावलं की मी टॉर्च हातात धरून तशीच उभी राहिले.

"काढ, काढ, आच काढ!" आबा ओरडले.

सहापैकी पाच सांधे पक्के. सहावा, शेवटचा, पुन्हा तापवताना आधीचा शेजारचा सुटला. दुसऱ्या वेळी ओल्या चिंध्या शेजारच्या सांध्यांवर गुंडाळून केला, जमला.

स्फटिक धरणारी बोटं मात्र स्टेनलेसची केली नाहीत. ती बाजूला ठेवलेल्या जर्मन सिल्व्हरच्या चमच्यांतून कापली. मऊ, हवी तशी वळतात, आणि त्यांना टाकणखार पुरतो. मुलामा घासून काढल्यावर रंगातला फरक हातभर अंतरावरून कळत नाही. डॉक्टरनेही जे हाताशी होतं तेच वापरलं होतं.

२४ फेब्रुवारी ते ९ मार्च: स्फटिक

हे दोन आठवडे थोडक्यात लिहिते, कारण चूक एकच होती आणि मी ती दोनदा केली.

एपॉक्सी रेझिन आणि सिलिकॉनचा साचा, मिळून २४ पौंड. साच्यासाठी आधी मेणाचा स्फटिक कोरला. रेझिनमध्ये नारिंगी रंग मिसळला, ओतलं, शेडमध्ये ठेवलं. पाकिटावर चोवीस तास लिहिलेले. दोन दिवसांनी चिकट. पाच दिवसांनी चिकट, वर पांढुरका मेणचट थर. वाटलं रंग जास्त झाला. दुसऱ्यांदा रंग कमी घातला, परत शेडमध्येच ठेवलं. परत चिकट.

थर्मामीटर नेऊन बघितला तेव्हा शेडमध्ये सात अंश होते. रेझिनला वीस तरी लागतात.

तिसऱ्यांदा रेझिनची बाटली आधी कोमट पाण्यात ठेवली (पातळ होतं, बुडबुडे वर येऊन फुटतात), वजनकाट्यावर भाग मोजले, मोजून तीन मिनिटं हळू ढवळलं आणि साचा बैठकीच्या खोलीत रेडिएटरपासून हातभर लांब, पुठ्ठ्याच्या खोक्याखाली ठेवला. सकाळी कडक, स्वच्छ, आत दोनच बुडबुडे. ते राहू दिले. दिव्यावर धरलं की ते सोन्याच्या कणांसारखे दिसतात.

१० मार्च

वीज. पिवळसर नारिंगी एलईडीला साधारण २.१ व्होल्ट लागतात. निळ्याला तीनच्या वर. म्हणून हा रंग करणाऱ्याचं काम सोपं: नाण्याच्या आकाराच्या एका ३ व्होल्टच्या बॅटरीवर तो चांगला पेटतो, निळा त्याच बॅटरीवर थोड्याच दिवसांत मंदावतो.

पण मला आवाजही हवा होता. छोटी चिप, एटीटायनी ८५, आणि पिएझो बझर. बटण दाबलं की आवाज दोन सुरांमध्ये झपझप हेलकावे घेतो. टेबलावर यूएसबीच्या विजेवर सुरेख चाललं. नाण्याच्या बॅटरीवर बटण दाबलं की अर्धा सेकंद टुर्र, मग बंद, परत टुर्र. ही बॅटरी एकदम जास्त प्रवाह देऊ शकत नाही. दिवा आणि बझर एकत्र चालू झाले की व्होल्टेज खाली बसतं आणि चिप स्वतःला पुन्हा सुरू करते. तिला कमी व्होल्टेज चालवून घ्यायला सांगितलं, तर बंद पडायची थांबली, पण दिवा आवाजाच्या तालावर फिका पडायला लागला.

शेवटी एलआर ४४ च्या तीन गोळ्या एकावर एक, ४.५ व्होल्ट, एलईडीला २२० ओहमचा रेझिस्टर. त्या दिवसापासून तक्रार नाही. सगळं मिळून ११ पौंड. एलईडीचा घुमट पॉलिश पेपरने खरवडून अपारदर्शक केला, नाहीतर स्फटिकात उजेड पसरत नाही, एकच टोचणारा ठिपका दिसतो.

१६ मार्च

आज शनिवार. १९६८ च्या १६ मार्चलाही शनिवारच होता, आणि त्या संध्याकाळी लागलेल्या भागात सॉनिक स्क्रू ड्रायव्हर पहिल्यांदा दिसला. पॅट्रिक ट्राउटन दुसरा डॉक्टर, कथा व्हिक्टर पेंबर्टनची. तेव्हा त्याने त्या हत्याराने स्क्रूच काढले. कुलपं उघडणं, यंत्रं बंद पाडणं, सगळं नंतर जडत गेलं. त्या कथेचे सहाही भाग आज पूर्ण स्वरूपात शिल्लक नाहीत. त्या काळी बीबीसी जुन्या टेप पुसून टाकत असे. आवाज उरला आहे, काही तुकडे उरले आहेत.

१९८२ मध्ये हे हत्यार कथेतच नष्ट केलं गेलं, कारण प्रत्येक पेचातून ते डॉक्टरला फार सहज सोडवत होतं. ते मला पटतं. म्हणूनच पुढच्या लेखकांनी त्याला घातलेली मर्यादा मला आवडते: लाकडावर ते चालत नाही. आबांना हे सांगितलं तर त्यांना फार रास्त वाटलं. प्रत्येक हत्याराला एक गोष्ट जमत नसते, म्हणाले.

आज काम काही नाही, फक्त घासाई. १२०, २४०, ४००, ६०० चा पेपर. हात दुखले.

२३ मार्च: टोपण

मागच्या टोकाला आट्यांचं टोपण हवं, बॅटरी तिथूनच आत जाते. फेब्रुवारीत आबा म्हणाले होते, टोपण मी करून पाठवतो. निवृत्त झाल्यावर चार वर्षांनी ते उद्यमनगरात जुन्या शेठच्या लेथवर जाऊन उभे राहिले, त्याचा फोटो आईने पाठवला. मी त्यांना सांगितलं होतं, सोळा मिलिमीटरचे आटे, आणि त्या मापाचा टॅप (आतून आटे पाडायचं हत्यार) आणून पाइपच्या टोकात बसवलेल्या पितळी बुशला, म्हणजे आखूड नळीला, आतून आटे पाडून ठेवले होते.

मँचेस्टरला येणाऱ्या एका ओळखीच्यांबरोबर टोपण आलं. स्टेनलेसचं, कडेला हिऱ्यासारखी बारीक खाच, आरशासारखं तोंड. बुशमध्ये घातलं. दोन आटे ढिले ढिले गेलं आणि अडकलं.

उलटं फिरवून काढलं, परत घातलं. तिथेच अडकलं. जोर लावायच्या आधी फोन लावला.

"आबा, आटे किती मापाचे पाडले?"

"तू सांगितलंस तेच. सोळा. म्हंजे पाच सूत."

पाच सूत म्हणजे पाच अष्टमांश इंच, १५.८८ मिमी. कानाला सोळाच. पण आबांच्या हाताला पाच सूत म्हटलं की व्हिटवर्थचे आटे, इंचाला अकरा. माझे मेट्रिक, २ मिमी अंतराचे, इंचाला साधारण पावणेतेरा. म्हणून दोन आटे जातं आणि मग दातावर दात चढतो. जोर लावला असता तर दोन्ही गेलं असतं. जोसेफ व्हिटवर्थने १८४१ मध्ये इंग्लंडमध्ये बसवलेलं हे माप आबांनी कोल्हापुरात शिकून जन्मभर वापरलं, आणि मी इंग्लंडमध्ये बसून मेट्रिक धरून बसले होते.

आबा खट्टू झाले. "दुसरं करून धाडतो," म्हणाले. मी म्हटलं, टोपण बदलायचं नाही. बुश बदलते.

३० मार्च

जुन्या हत्यारांच्या स्टॉलवर पाच सूत व्हिटवर्थचा टॅप मिळाला, २ पौंड. शेफील्डमध्येच बनलेला, तेलकट कागदात गुंडाळलेला. स्टॉलवाल्याकडे तसले डब्यात वीसेक होते, मेट्रिकच्या चौपट.

सार्वजनिक वर्कशॉपच्या लेथवर पितळी गजातून नवा बुश काढला, बाहेरून २० मिमी, आतून १३.५ मिमी. टॅप सरळ जावा म्हणून लेथच्याच मागच्या सेंटरचा आधार दिला आणि हाताने फिरवला, अर्धा फेरा पुढे, पाव मागे. जुना बुश तापवून काढला. तो मी नळकामाच्या साध्या सोल्डरने, सगळ्यात शेवटी बसवला होता म्हणून चांदीचे सांधे न हलता निघाला. चांदीचं आधी, साधं सोल्डर शेवटी. ही क्रमवारी मोडू नका.

टोपण बसलं. शेवटचा आटा बसताना हवा दाबली जाऊन हलका फुस्स आवाज येतो.

६ एप्रिल

जुळणी. रात्री सगळं बसवलं, दिवा पेटला, आवाज आला, झोपले. सकाळी बॅटऱ्या मेलेल्या. अख्खं अंग धातूचं आहे हे मी विसरले होते. एलईडीचा एक पाय तांब्याला टेकत होता आणि रात्रभर वीज गळत राहिली. बॅटऱ्यांभोवती प्लॅस्टिकची नळी, प्रत्येक तारेवर उष्णतेने आकसणारं वेष्टन, आणि टोपणाच्या आत स्प्रिंग असा बदल केला. घरात लहान मूल असेल तर टोपण हाताने सुटणार नाही इतकं आवळा, या गोळीबॅटऱ्या गिळल्या गेल्या तर फार धोका असतो.

आबांना दाखवायला फोन केला. घड्याळं गेल्या रविवारी पुढे सरकली, त्यामुळे इथले साडेदहा म्हणजे तिकडे आता तीनच. त्यांची वामकुक्षी मोडली.

९ एप्रिल, पाडवा

काम संपलं. एकूण खर्च ११८ पौंड, रुपयांत साडेबारा हजारांच्या आसपास. त्यातले निदान ३० पौंड चुकांचे: मोडलेली पाती, वाया गेलेलं रेझिन, निरुपयोगी ठरलेला मेट्रिक टॅप. तास मोजले ते ७१. तयार खेळणं याच्या पाव किमतीत मिळतं.

राहिलेल्या उणिवा: वजन जास्त झालंय, खिशात ठेवलं की खिसा ओढला जातो. बटण अंगठ्याच्या जरा मागे पडलं. एका सांध्याजवळ तापवल्याची निळसर झाक राहिली, ती घासून काढता आली असती, मी ठेवली. बझरचा आवाज धातूच्या आत घुमून थोडा जाड येतो, टोपणात बारीक भोक पाडलं तर सुधारेल, पण त्या टोपणाला मी ड्रिल लावणार नाही.

सकाळी गुढीशेजारी पाटावर ठेवलं, हळदकुंकू लावलं आणि फोन तिकडे वळवला. आबांनी आधी टोपण बघितलं, मग सांधे, एकेक, जवळून दाखव म्हणाले. दिवा लावला तेव्हा आई हसली. आबांनी विचारलं, "आणि स्क्रू फिरतोय का त्यानं?"

स्फटिकाच्या उलट टोकाला, टोपणाच्या मध्यावर, त्यांनी स्वतःहून एक सरळ पातं काढून ठेवलं होतं. मला ती नक्षी वाटली होती. शेडच्या दाराची बिजागरी दोन महिने डुगडुगत होती. तिचा स्क्रू मी त्याने आवळला.